आधी दार उघडले, मग कायदा आला

आमचे बालपण बडोद्यातल्या एका जुन्या वाड्यात गेले. मधोमध चौक, चौकात एकच नळ, आणि भोवती अकरा बिऱ्हाडे. सगळी आपलीच मराठी माणसे. कुणाचे पणजोबा गायकवाडांच्या फडात कारकून, कुणाचे पागेत, तर कुणाचे शाळाखात्यात. कुणाकडे आज काय शिजते आहे हे फोडणीच्या वासावरून सगळ्यांना कळायचे. अशा वाड्यात काही लपत नाही. म्हणूनच जिन्याशेजारच्या खोलीतून रात्री येणारा आवाजही लपला नव्हता. तिथला गृहस्थ चांगल्या नोकरीतला, गणपतीत आरतीला पुढे उभा राहणारा. तो बायकोला मारतो हे अकराही बिऱ्हाडांना ठाऊक होते. आवाज सुरू झाला की कुणी खिडकी लावून घ्यायचे, तर कुणी रेडिओ मोठा करायचे.

१९८६ साल असावे. एका रात्री आमच्या आईने कडी काढली, जिन्यापर्यंत गेली आणि त्या बाईचा हात धरून तिला आमच्या स्वयंपाकघरात आणून बसवले. काही विचारले नाही. पाणी दिले आणि अंथरूण घातले. सकाळी वाड्यातले एक वडीलधारे आले आणि आईला म्हणाले, "वहिनी, दुसऱ्याच्या संसारात आपण पडू नये. आज तुम्ही दार उघडलंत, उद्या तो तुमच्या दारात येऊन उभा राहील."

आई म्हणाली, "येऊ दे. त्यालाही चहा देईन."

तो आला नाही. बाई चार दिवस आमच्याकडे राहिली. मग तिचा भाऊ आला आणि तिला माहेरी घेऊन गेला. पुढे ती परतली की नाही, हे वाड्यात कुणी कुणाला विचारले नाही. त्या वर्षीही गणपती बसला आणि तो गृहस्थ आरतीला पुढेच उभा होता.

ही आठवण स्मरणिकेत लिहावी की नाही, यावर आम्ही पुष्कळ विचार केला. लिहितो आहोत ते एवढ्यासाठी की "दुसऱ्याच्या संसारात पडू नये" हे वाक्य आपल्याकडे परंपरेच्या नावाने सांगितले जाते. पण आपल्या मराठी समाजाचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला तर दार उघडणारी परंपराही आपलीच आहे. ती वाड्यातल्या त्या गप्प राहण्याइतकीच जुनी आहे आणि तिचा अभिमान धरावा अशी आहे.

तिची सुरुवात पुण्यातल्या एका घरापासून सांगता येते. १८६३ साली पुण्यात एका तरुण ब्राह्मण विधवेला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ती जोतीराव फुल्यांच्या एका मित्राच्या घरी स्वयंपाक करून पोट भरत असे. शेजारच्या एका शास्त्र्याने तिला फसवले आणि तिला दिवस गेले. लोक काय म्हणतील या भीतीने तिने जन्मलेले मूल मारून टाकले. शिक्षा तिला झाली आणि शास्त्रीबुवा मोकळे राहिले.

त्यावर जोतीराव आणि सावित्रीबाई सभा भरवून थांबले नाहीत. त्यांनी आपल्याच घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. अडचणीत सापडलेल्या विधवेने यावे, गुपचूप आणि सुरक्षित बाळंत व्हावे, मूल न्यायचे की ठेवायचे ते तिने ठरवावे, असे जाहीर पत्रक त्यांनी शहरात लावले. येणाऱ्या बायकांची बाळंतपणे आणि शुश्रूषा सावित्रीबाई स्वतः करत. हे दांपत्य माळी समाजातले आणि दारात येणाऱ्या बायका त्या काळच्या उच्चवर्णीय घरांतल्या. ज्या घरांनी फुल्यांना शाळा काढल्याबद्दल शिव्या दिल्या, त्याच घरांच्या लेकीसुना रात्रीच्या वेळी त्यांच्या दारी येत होत्या. १८८४ सालच्या एका टिपणात जोतीरावांनी अशा पस्तीस स्त्रिया आल्याचे नमूद केले आहे. तिथेच एका विधवेच्या पोटी जन्मलेला मुलगा या निपुत्रिक जोडप्याने दत्तक घेतला, त्याचे नाव यशवंत ठेवले आणि त्याला डॉक्टर केले.

यात एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. पत्रकात बाईला दोष दिलेला नव्हता आणि तिच्याकडून खुलासाही मागितलेला नव्हता. आधी आसरा, मग बाकीचे. आजही संकटातल्या स्त्रीला मदत करणाऱ्या प्रत्येक संस्थेचा पहिला नियम हाच असतो.

पुढच्याच दशकांत हा प्रश्न कोर्टात गेला. मुंबईच्या रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले होते. त्या नवऱ्याकडे नांदायला कधी गेल्या नाहीत. मोठ्या झाल्यावर त्यांनी जायला नकार दिला, तेव्हा १८८४ साली नवरा दादाजी भिकाजी याने दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. अपील झाले, आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी निकाल दिला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा. बावीस-तेवीस वर्षांच्या रखमाबाईंनी सांगितले की कैद पत्करीन. मनाविरुद्ध बाईला कुणाच्या घरात ढकलणे हाही एक अत्याचारच आहे, हे त्या नकाराने देशाला आणि विलायतेलाही ऐकवले. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली.

या लढाईत कायदा त्यांच्या बाजूने नव्हता. बाजूने होती ती माणसे. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन घरात पाठीशी होते, बाहेर बचावासाठी समिती उभी राहिली, आणि शिकण्यासाठी विलायतेला जाण्याची वाट मोकळी झाली. रखमाबाई लंडनहून डॉक्टर होऊन आल्या आणि त्यांनी आपली बहुतेक सारी हयात गुजरातेत, सुरत आणि राजकोट येथे स्त्रियांच्या इस्पितळांत घालवली. आपण बडोदेकर त्यांना मुंबईच्या म्हणतो, पण सुरतेच्या कित्येक पिढ्या त्यांच्या हातावर जन्मल्या.

नुसता आसरा मिळाला तर बाई चार दिवस टिकते, पुढे काय? या प्रश्नाचे उत्तर पंडिता रमाबाईंनी आणि महर्षी कर्व्यांनी दिले. ११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडले, पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. तिथे विधवांना राहायला जागा आणि शिक्षण दोन्ही मिळे. सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी. पुढे त्यांच्याशीच धोंडो केशव कर्व्यांनी विवाह केला. १८९६ साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम सुरू केला आणि नंतर तो पुण्याबाहेर हिंगण्याला नेला. तिथल्या झोपडीपासून पुढे स्त्रियांचे विद्यापीठ उभे राहिले. हाताला काम आणि डोक्याला शिक्षण असेल तर बाईला मार खाऊन त्याच घरात राहावे लागत नाही, हे त्या पिढीने ओळखले होते.

आता आपल्या बडोद्याकडे येऊ. इथे गोष्ट उलट्या बाजूने घडली. कायदा आधी आला. सयाजीराव महाराजांनी १९०४ साली बालविवाह प्रतिबंधक कायदा केला. ब्रिटिश हिंदुस्थानात सारडा कायदा यायला अजून पंचवीस वर्षे होती. १९३१ साली संस्थानात हिंदू घटस्फोटाचा कायदा आला. देशभरातल्या हिंदू स्त्रीला तो हक्क १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने मिळाला, म्हणजे बडोदे चोवीस वर्षे पुढे होते. महाराणी चिमणाबाई १९२७ साली पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा होत्या. त्यांच्या नावाचे स्त्री उद्योगालय बडोद्यात १९१४ साली निघाले. शिवण, भरतकाम, खाण्याचे पदार्थ अशा कामांतून त्याने गरजू बायकांना हक्काची मिळकत दिली. आपल्यापैकी अनेकांच्या आज्या तिथे जात असत. त्यांतल्या काही का जात असत हे घरात कधी बोलले गेले नसेल, पण जात असत.

मग प्रश्न असा की इतका पुढचा राजा असूनही आमच्या वाड्यात १९८६ साली ते का घडावे? याचे उत्तर १९०४ च्या कायद्याच्याच अनुभवात आहे. कायदा मोडणाऱ्यांना दंड होत असे. पुष्कळ आईबापांनी तो लग्नखर्चात धरला, दंड भरला आणि लेकरांची लग्ने उरकली. राजाने कायदा केला, तरी शेजारच्या घरात लग्न लागताना अक्षता टाकायला गाव जमतच होते. कायद्याला शेजाऱ्यांची साथ लागते. ती नसेल तर दंडाची पावती तेवढी मिळते.

शेजाऱ्यांची ती साथ मोठ्या प्रमाणावर उभी राहिली ती स्वातंत्र्यानंतर, १९८० च्या सुमारास. तिचे निमित्तही महाराष्ट्रातलेच होते. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केल्याची तक्रार झाली. तो खटला देशात 'मथुरा खटला' म्हणून ओळखला जातो. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडून दिले. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले. मुलीने आरडाओरडा केला नाही म्हणजे तिची संमती होती, असे कसे म्हणता, हा त्या पत्राचा मथितार्थ. पत्र छापून आले आणि १९८० मध्ये मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला, शहराशहरांत मोर्चे निघाले. १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. त्याच वर्षी सासरच्या छळाबद्दलचे ४९८ अ हे कलम दंडसंहितेत आले.

पुण्यात याच काळात दोन विवाहितांचे संशयास्पद मृत्यू झाले. सुशिक्षित, खात्यापित्या घरांतल्या मुली. त्यातून १९८२ साली नारी समता मंच स्थापन झाला. विद्या बाळ आणि त्यांच्या मैत्रिणींनी गावोगाव प्रदर्शन नेले. प्रदर्शन पाहून बायका थांबत आणि स्वतःबद्दल बोलू लागत. त्या ऐकण्यातूनच मंचाचे 'बोलते व्हा' केंद्र निघाले. नाव किती साधे आणि नेमके! बाईने बोलावे, समोरच्याने ऐकावे, एवढेच काम. ते काम आमच्या वाड्यातल्या अकरा बिऱ्हाडांना जमले नव्हते.

१९८४ साली मुंबईत आणखी एक दार उघडले, तेही जिथे बाई जायला सर्वांत जास्त घाबरते त्या पोलिसांच्या कचेरीत. टाटा समाजविज्ञान संस्था आणि मुंबई पोलीस यांनी मिळून महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या आवारात, पण खुर्चीवर प्रशिक्षित समाजसेविका. ती तक्रार लिहायला मदत करते, नवऱ्याला बोलावून समज देते, निवाऱ्याची सोय पाहते आणि नंतर चौकशीही करत राहते. पुढे महाराष्ट्र सरकारने ही पद्धत राज्यभर उचलली.

त्याच वर्षी, १९८४ मध्ये, आपल्या बडोद्यात सहियर ही स्त्री संघटना सुरू झाली होती. हे आम्हाला फार उशिरा कळले आणि कळले तेव्हा वाईट वाटले. म्हणजे आमच्या आईने कडी काढली त्या रात्री कायद्याचे कलम येऊन तीन वर्षे झाली होती आणि संघटना शहरातच होती. पण वाड्याच्या चौकापर्यंत दोन्ही पोचले नव्हते. बाईच्या वाट्याला आले ते एक स्वयंपाकघर.

आता एक पाहिलेली गोष्ट. आम्ही सिव्हिलचा डिप्लोमा करून सरकारी बांधकाम खात्यात लागलो, त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातली. जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कचेरीत कंपाउंडच्या भिंतीचे मोजमाप घ्यायला गेलो होतो. आवारात झाडाखाली सतरंजी घालून दहा-बारा बायका बसल्या होत्या. मजुरी करणाऱ्या, काहीजणी दलित, काहीजणी आदिवासी, लिहिता-वाचता येणाऱ्या थोड्याच. त्यांच्यासमोर एक तरुण मुलगी, तिचा नवरा आणि दोन्हीकडचे नातेवाईक. आमच्याबरोबरचा कारकून हसून म्हणाला, "साहेब, ही बायकांची कोर्ट."

ती नारी अदालत होती. महिला सामाख्या हा सरकारी कार्यक्रम १९८९ साली गुजरातेत आला आणि त्याने खेड्यापाड्यांत बायकांचे संघ बांधले. त्या संघांतून १९९५ साली आपल्याच वडोदरा जिल्ह्यात नारी अदालत जन्मली. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या जागी ती बसे. बाईची तक्रार नोंदवली जाई, समोरच्या पक्षाला पत्र जाई, दोघांचेही ऐकून घेतले जाई. अदालतीला कायद्याने शिक्षेचा अधिकार नव्हता. पण करार स्टॅम्प पेपरवर होई, आणि तो पाळला जातो की नाही हे त्या गावच्या संघातल्या बायका घरी जाऊन पाहत. सरकारी कचेरीचे आवार मुद्दाम निवडलेले असे. तिथे बसले की समोरच्याला वजन वाटते, आणि बायकांनाही मामलेदार, पोलीस, वकील यांची भीती राहत नाही.

त्या दिवशी आम्ही टेप हातात घेऊन अर्धा तास उभे राहिलो. एका वयस्क बाईने त्या नवऱ्याला विचारले, "तू हात उगारतोस तेव्हा तुझे शेजारी काय करतात?" तो काही बोलला नाही. आम्ही मात्र मोजमापाच्या वहीत दोन आकडे चुकीचे लिहिले. आम्हाला आमचा वाडा आठवला होता.

नंतर देशाचा कायदाही या बायकांच्या वाटेने आला, असे म्हणायला हरकत नाही. २६ ऑक्टोबर २००६ पासून कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा कायदा अमलात आहे. मारहाणीबरोबर अपमान, धमकी, पैशांची अडवणूक हेही त्यात हिंसाच धरले आहे. राहत्या घरातून बाईला बाहेर काढता येत नाही, मग घर कुणाच्या का नावावर असेना. तिला मदत करायला संरक्षण अधिकारी नेमलेला असतो. आणखी एक गोष्ट आपण सर्वांनी लक्षात ठेवावी. हिंसा घडते आहे असे वाटणारा कोणीही माणूस त्या अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि चांगल्या हेतूने कळवल्याबद्दल त्याच्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. "दुसऱ्याच्या संसारात पडू नये" याला कायद्याने दिलेले हे उत्तर आहे.

८ मार्च २०१५ पासून गुजरातभर १८१ क्रमांकाची 'अभयम' सेवा सुरू आहे. फोन केला की समुपदेशक बोलते, गरज असेल तर समुपदेशक आणि महिला पोलीस गाडी घेऊन दाराशी येतात. त्याच वर्षापासून देशात 'सखी' केंद्रे उघडू लागली. निवारा, औषधोपचार, पोलीस आणि वकील यांची मदत एकाच छताखाली मिळावी ही त्यांमागची कल्पना. केंद्र सरकारच्या मिशन शक्तीत तर आता नारी अदालत याच नावाचा विभाग आहे. झाडाखालच्या सतरंजीवरची गोष्ट दिल्लीच्या योजनेत जाऊन बसली.

हा सगळा क्रम पाहिला की एक दिसते. पुण्याचे १८६३ चे घर, शारदा सदन, बोलते व्हा केंद्र, झाडाखालची अदालत, ही दारे आधी उघडली. कायदे मागाहून आले, आणि ही दारे उघडी होती म्हणूनच आले. जिथे कायदा आधी आला आणि दारे बंद राहिली, तिथे तो कागदावर राहिला. बडोद्याइतके हे दुसऱ्या कुणाला कळू नये.

आपण पाच-सहा पिढ्या इथे आहोत. भाषा टिकवली, नाटके टिकवली, दहा दिवसांचा गणपती टिकवला. परमुलखात आपले नाव जाऊ नये म्हणून आपण एक गोष्टही टिकवली, ती म्हणजे घरातले घरात ठेवणे. थोडक्या घरांच्या समाजात सगळे एकमेकांचे नातलग असतात, त्यामुळे बाईला बोलणे जास्त अवघड जाते. जिच्याकडे बोलावे ती नवऱ्याची मावसबहीण निघते. म्हणून आपल्यासारख्या मंडळांवर जबाबदारीही जास्त येते.

यंदा मंडळाच्या बैठकीत आम्ही तीन गोष्टी मांडल्या आणि त्या मान्य झाल्या. मंडपात प्रसादाच्या टेबलाजवळ आणि स्त्रियांच्या बाजूच्या पाण्याच्या जागेजवळ १८१ चा फलक मराठी आणि गुजराती या दोन्ही भाषांत लावायचा. महिला शाखेतल्या तीन भगिनींनी ऐकण्याची तयारी दाखवली आहे. त्यांनी ऐकलेले त्यांच्या घरातही जाणार नाही, असे त्यांनी सर्वांसमोर सांगितले आहे. आणि तिसरी गोष्ट आरतीची. ज्याच्या घरातून असा आवाज येतो हे आपल्याला ठाऊक आहे, त्याला आरतीला पुढे उभे करायचे नाही. या तिसऱ्या गोष्टीवर वाद झाला. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले की देवाच्या दारात असे करू नये. पण शेवटी हात वर झाले, त्यात त्यांचाही होता.

आमची आई आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहे. हे सगळे तिला वाचून दाखवले. ती म्हणाली, "मी काही मोठं केलं नाही रे. ती थंडीत जिन्यावर बसली होती." मग थोड्या वेळाने तिने विचारले, "तिचं पुढं काय झालं, कुणी चौकशी केली का?"

केली नव्हती. आता करतो आहोत.